चोवीस घोडे आणि पाच फूट

आमच्या घरी तोंडी हिशेब करावा तर बुढ्यानं. बुढा म्हणजे माझा बाप. आमच्या चिखलीकडच्या भागात बापाला पाठीमागे बुढाच म्हणतात, त्यात कोणी अपमान शोधू नये. तोंडावर आम्ही ‘बाबा’ म्हणतो आणि ‘तुमी’ म्हणतो. तर या बुढ्यानं एका सकाळी ओट्यावर बसून, तंबाखू मळता मळता, माझ्या नव्या छोट्या ट्रॅक्टरचा हिशेब मांडला.

“किती घोड्याचं हाय म्हनलं?”

“चोवीस.”

“एक घोडा म्हंजे धर एक बैल. चोवीस बैल म्हंजे बारा जोड्या. एक जोडी दीड हाताचा वखर आरामात वढते. मंग बारा जोड्यायच्या मागं पाच फुटाचं रोटाव्हेटर म्हंजे काय हाय? खेळणं हाय बे!”

मी बारावीपर्यंत शिकलेला माणूस. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला पाहिजे होता. पण खरं सांगतो, तो हिशेब मला आवडला. आपल्याला पाहिजे तेच उत्तर निघालं की माणूस हिशेब तपासत नाही.

माती कुटून भुसभुशीत करणारं हे रोटाव्हेटर मला पाच फुटीच पाहिजे होतं, कारण माझ्या साडूकडे पाच फुटी होतं. साडू जळगाव जामोदकडचा. दिवाळीला सासुरवाडीत भेटला तेव्हा दोन तास रोटाव्हेटरवरच बोलत होता. एका फेऱ्यात किती रान होते, ढेकूळ कसं राहत नाही, पाणी सोडलं की कसं सरळ जाते. त्याचा ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा होता ही गोष्ट मी ऐकली होती, पण कानाआड केली होती. बायको मात्र तेव्हाच म्हणाली होती, “त्यायचं पाहू नोका, आपलं पाहा.” बायकोचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तो काही हौसेनं आला नाही. बीटी कपाशी आली तशी वावरातून ज्वारी गेली. आधी एक एकर गेली, मग दोन, मग सगळं वावर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि उरलं ते सोयाबीनचं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबाच नाही तर बैल काय माती खातील? कोणी ठरवून केलं नाही, पण पाच-सात वर्षांत गावातले निम्मे गोठे रिकामे झाले. आमचाही झाला. जोडी गेली त्या दिवशी बुढा नुसता दावी गुंडाळून ठेवत बसला. म्हणून ट्रॅक्टरबद्दल तो कौतुकानं हिशेब करायला लागला तेव्हा मला एवढं बरं वाटलं, की त्यानं दहा फूट म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

त्यात ते साल गुलाबी बोंडअळीचं. बोंड वरून हिरवंगार, हातात घेऊन फोडावं तर आत अळी मजेत बसलेली. फवारून फवारून माणसं थकली, आणि ज्या बियाण्याला अळी लागतच नाही म्हणून घेतलं होतं त्याचंच हे झालं. पारावर दुसरा विषय नव्हता. कृषी सहायक गावात येऊन सांगून गेला, की यंदा पाणी देऊन उशिराची बोंडं घ्यायचा मोह धरू नका, पऱ्हाट्या काढा आणि खुटं जमिनीतून मोडून टाका, नाहीतर हीच अळी पुढच्या साली पुन्हा वर येईल. पऱ्हाट्या उपटायला मजूर मिळेना, म्हणून आम्ही बुडापासून छाटल्या. साडेचार एकरांत अंगठ्याएवढी खुटं उभी राहिली. ती मोडायला रोटाव्हेटर पाहिजे होतं आणि लवकर पाहिजे होतं.

दुसरबीडच्या अलीकडच्या एका गावात एका कास्तकाराकडे जुनं पाच फुटी पडून होतं. मी आणि बुढा गेलो. बुढ्यानं बैलाचे दात पाहावे तशी एकेक पाती हातानं चाचपून पाहिली. त्या माणसानं सरळ विचारलं, “ट्रॅक्टर कोणतं हाय तुमचं?” मी म्हणालो, “हाय एक.” आता हे ‘हाय एक’ माझंच. ते बुढ्याच्या माथी मारता येत नाही. ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत जो फिरता दांडा येतो, ज्याला सगळे शाफ्ट म्हणतात, त्यावर प्लास्टिकचं झाकण असते, ते या यंत्रावर नव्हतं. “ते ग्रीस माराले आडवं येते, काढून टाकलं,” तो म्हणाला. आम्हालाही ते पटलं. कामात आडवं येणारी वस्तू काढून टाकावी, यात चुकलं काय!

घरी आणून जोडलं आणि लिव्हर ओढून पहिल्यांदा उचललं, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर हवेत गेली. मी सीटवर मागे कलंडलो. बायको दारात सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, “नाकापेक्षा मोती जड.” बुढा म्हणाला, “नवा बैलबी पहिल्या दिवशी मान वर करते. होईल सवय.” मला राग बायकोचा आला. खरं बोलणाऱ्याचाच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. बायको धुऱ्याशी, म्हणजे बांधाजवळ, पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होती, चुलीसाठी. मी यंत्र टेकवलं आणि क्लच सोडला. दहा पावलं गेलो नाही, तर इंजिन असं कण्हायला लागलं की मलाच दम लागला. काळा धूर डोक्यावर. गिअर कमी केला, तरी तेच. मग लिव्हर थोडी उचलली, तेव्हा कुठं ते चालायला लागलं. पण चाललं म्हणजे काय, वरवर खरवडत चाललं. खुटं तशीच उभी, काही नुसती सोललेली. मागं वळून पाहायला मला लाज वाटत होती म्हणून मी पाहिलं नाही. समोर पाहत ट्रॅक्टर हाकत राहिलो, आणि मनात साडूला शिव्या देत राहिलो.

बुढा मागून चालत होता. त्याला हे दिसत होतं. आता इथं आमच्या वखराची एक रीत सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बैलाचा वखर उथळ चालला, त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, जमिनीत बसली नाही, की त्यावर वजन द्यायचं. कोणी धोंडा ठेवते, पण जुनी माणसं धोंडा शोधत बसत नाहीत, चालत्या वखरावर स्वतःच पाय देऊन उभी राहतात. एक हात रुमण्याच्या मुठीला, एक पाय वखरावर, आणि बैल चालतेच आहेत. बुढ्याची हयात त्या एका पायावर गेली होती.

बुढा तसाच चढला.

मला पत्ता नाही. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार! मला फक्त एवढं जाणवलं की स्टेअरिंग एकदम हलकं झालं, पुढची चाकं जमीन धरेनात. का झालं ते डोक्यात शिरायच्या आत बुढ्याचा आवाज आला, अगदी कानाजवळून, “टेकव! टेकव खाली!” जन्मभर ऐकत आलेला हुकूम. हातानं आपोआप लिव्हर खाली केली. यंत्र धप्पकन जमिनीत बसलं, पाती सगळीच्या सगळी काळ्या मातीत रुतली, इंजिननं दोन-तीन गचके दिले आणि बंद पडलं.

आणि त्या शांततेत बायकोची किंकाळी.

मी वळून पाहिलं. बुढा रोटाव्हेटरच्या पात्यांवरच्या पत्र्यावर गुडघे टेकून बसलेला, दोन्ही हातांनी उभी पट्टी गच्च धरलेली, आणि त्याच्या धोतराचा सोगा त्या उघड्या शाफ्टाला दोन वेढे घेऊन बसलेला. उजवा पाय शाफ्टापासून चार बोटांवर. चार बोटं म्हणजे चारच बोटं, मी काही वाढवून सांगत नाही. टोपी कुठं गेली होती देव जाणे.

मी उडी मारली. बायको धावत आली, तिच्या हातात विळा होता, त्यानंच तिनं धोतर कापलं. माझ्या हातून काही झालं नाही. मी नुसता बुढ्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाबून पाहत होतो, रक्त कुठं आहे, हाड कुठं मोडलं. काही नव्हतं. पिंढरीवर एक लाल वळ, बस.

बुढा अर्ध्या धोतरात उभा राहिला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

“धोतर फाडलं ना बे माहं.”

त्यावर माझा तोल गेला. बापाला मी जन्मात उलटून बोललो नव्हतो. पण त्या दिवशी अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. “तुमाले अक्कल हाय का बाबा? वखर वाटला का हा? काऊन चढले? कोनं सांगतलं होतं चढाले? पाय गेला असता! तुमी गेले असते!” आणि बोलता बोलताच मी तिथंच ढेकळात बसून रडलो. चाळीस वर्षांचा घोडा, पण रडलो. लपवत नाही.

बुढ्यानं तंबाखूची डबी काढली. ती न उघडताच परत कमरेला खोचली. मग तो हळूच म्हणाला, “पाय आपोआप चढला रे. मले समजलंच नाही.”

घरी येताना तो पायी आला. ट्रॅक्टरवर बसा म्हटलं तर नाही म्हणाला. बायको त्याच्यासोबत चालत होती, डोक्यावर मोळी नाही, काही नाही, नुसती त्याच्या बाजूनं. संध्याकाळी गावातली माणसं येऊन गेली. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ हे मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं, की नवव्या-दहाव्या माणसावर मी डाफरलोच. खरं म्हणजे मला बरं वाटत होतं. बुढा ओट्यावर बसून सगळ्यांना लाल वळ दाखवत होता, आणि पाय दोन्ही होते.

पण राग कुठंतरी काढावा लागते. बुढ्यावर काढून झाला होता, स्वतःवर काढायची हिंमत नव्हती, तर तो ट्रॅक्टरवर निघाला. तीन दिवस मी त्या ट्रॅक्टरला ऐन कामात बंद पडणारा, मरतुकडा, फसवा, काय काय म्हटलं. चौथ्या दिवशी रोटाव्हेटर पिकअपमध्ये टाकून चिखलीला एका मिस्त्रीकडे नेलं. साठीचे मुस्लिम गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. तोंडानं फटकळ, पण हाताला खोट नाही.

मी म्हणालो, “चाचा, ट्रॅक्टर कमजोर निघालं. याले वढतच नाही.”

“कितीचं हाय?”

“चोवीस घोड्याचं.”

चाचांनी रोटाव्हेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “आणि हे कोणी लावाले सांगतलं? दुश्मन हाय का कोणी घरात?”

मी बुढ्याचा बारा जोड्यांचा हिशेब सांगितला. मला वाटलं चाचा हसतील. ते हसले नाहीत, उलट खाली बसून समजावायला लागले. “हिशेब बुढ्याचा गलत नाही, पण तो वखराचा हाय. वखर जमीन नुसती खरवडते. हे मशीन जमीन कुटते. कुटाले ताकद लागते का नाही? आणि चोवीस घोडे इंजिनात हायेत. मागच्या शाफ्टापर्यंत येता येता एकोणीस-वीस उरतात. आपल्या काळ्या जमिनीत फुटामागं पाच-साडेपाच धरून चाला. करा तुमीच.”

मी बोटं मोजली. साडेतीन फूट.

“बस! साडेतीन. आणि दुसरं पाह्याचं, ट्रॅक्टरच्या दोन्ही चाकायचा माग त्याच्यात झाकला पाह्यजे. तुमचं ट्रॅक्टर बाहेरून बाहेर सव्वातीन फूट असंल. साडेतीनमधी बराबर झाकते. त्याच्यापेक्षा मोठं कायले पाह्यजे तुमाले? जावयाले दाखवाले?”

साडूला दाखवायला, असं मी काही म्हणालो नाही.

बोलता बोलता चाचा यंत्राभोवती फिरत होते. शाफ्टापाशी थांबले. सांध्यात पांढऱ्या कापडाची चिंधी अडकून राहिली होती, ती त्यांनी चिमटीनं ओढून काढली. “हे काय हाय?”

मी सांगितलं. बुढा कसा चढला, मी लिव्हर कशी खाली केली, ट्रॅक्टर कसा बंद पडला. त्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणालोही, “पाहा ना चाचा, एवढ्याशा वजनानं बंद पडते म्हंजे काय!”

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. “भाऊ, बंद पडलं म्हणून बुढा घरी बसला हाय. पन्नासवालं असतं ना, त्याले कळलंबी नसतं.”

मी उभा होतो तिथं आडवा पडलेला एक टायर होता, त्यावर बसलो. पाणी मागितलं. तीन दिवस मी ज्याला शिव्या देत होतो, त्यानं माझ्या बापाचा जीव वाचवला होता, आणि वाचवला होता तो त्याला झेपत नव्हतं म्हणून. माझी चूक नसती, यंत्र मापाचं असतं, ट्रॅक्टर दणकट असता, तर त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं असतं, आणि बुढा? पुढचा विचार करवेना. आणि मग एवढं हलकं वाटलं की चाचांच्या पाया पडावं वाटलं. पडलो नाही, ते ओरडले असते.

ओरडले ते वेगळ्याच गोष्टीवरून. त्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला पाच फुटी पाहिजे होतं, आणि त्यांच्याकडे साडेतीन फुटी एक दुरुस्त होऊन उभं होतं. अदलाबदल ठरली. मी म्हटलं, “द्या मग, आत्ताच घेऊन जातो.” तर चाचा कडाडले, “झाकण बसल्याबिगर हे मशीन माह्या दुकानातून जाणार नाही. ग्रीस माराले आडवं येते म्हणतात लोकं! येऊ द्या आडवं. माणूस मधी येण्यापेक्षा बरं.” झाकण बसवायला दुपार गेली. मी निमूटपणे बसून राहिलो.

घरी येऊन बुढ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. तंबाखू थुंकून आला. मग म्हणाला, “म्हंजे बरोबरचं आणलं असतं तर मी गेलो असतो.”

“हाव.”

“आणि आता बरोबरचं आणलं.”

“हाव, बाबा.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी वावरात नवं यंत्र टेकवलं. काय सांगू! इंजिनाचा आवाज बदललाच नाही. ना धूर, ना कण्हणं, पुढची चाकं जमिनीला चिकटून. खुटं कडकड मोडत होती आणि मागे मऊ, भुसभुशीत माती पडत होती. चाकाचा माग दिसत नव्हता. बायको धुऱ्यावरून हात हलवून काहीतरी ओरडली, बहुतेक चांगलंच असावं. एवढ्या दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. बोंडअळीचं जे व्हायचं ते होवो, आमचं वावर तर साफ होत होतं.

पण एक गोष्ट मला जमेना. आता हे यंत्र बंद पडणार नाही, कोणी मधे आलं तरी पडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दर दहा पावलांवर माझी मान मागे वळायची. मागे माती, मातीच्या मागे वावर, आणि वावराच्या टोकाला बाभळीखाली बुढा, चांगला शंभर पावलांवर, सकाळपासून जागचा न हललेला. मी पाहायचो, पुढे बघायचो, पुन्हा पाहायचो. मागच्या तासाची ओळ वाकडीतिकडी होत गेली. असं वाकडं काम त्याच्या डोळ्यांसमोर मी लहानपणीसुद्धा केलं नव्हतं.

तिसऱ्या फेऱ्याला बुढा उठून उभा राहिला. मी घाबरून क्लच दाबला. तो तिथूनच, बाभळीखालूनच, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला.

“अबे, समोर पाह्यना! मी इथंच हावो!”